सॅन होजेच्या कोर्टातली फाइल आणि पुण्यातलं लग्न: परदेशी घटस्फोटाच्या नकलेचं एक प्रकरण

पुण्यात दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायची होती आणि पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा उपयोगी पडेल असा एकही कागद हातात नव्हता. या प्रकरणातल्या बाईंना मी इथे नुसतं ताई म्हणते. ओळख पटेल असे तपशील आणि वर्षं बदलली आहेत. कागद कुठे होता, कसा मिळाला आणि पहिल्या खेपेला का चालला नाही, हे मात्र नीट लिहिते आहे. अमेरिकेत घटस्फोट घेऊन महाराष्ट्रात परतलेल्या कितीतरी बायका-पुरुषांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडते.

ताईंचं लग्न २००४ साली पुण्यात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं. नंतर दोघं कॅलिफोर्नियात गेले आणि फ्रीमाँटला राहिले. २०१० मध्ये बिनसलं, नवरा सनीव्हेलला वेगळा राहायला गेला आणि त्याने घटस्फोटाचा अर्ज केला. भांडणतंटा न होता सगळं लेखी ठरलं, आणि ताई मुलीला घेऊन पुण्याला परतल्या. कागदांची पिशवी घर बदलताना कुठेतरी गेली. आता विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरल्यावर विवाह अधिकाऱ्यांनी आधीच्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूम मागितला.

"मॅडम, डिव्होर्स सर्टिफिकेट हरवलंय. जन्माचा दाखला मागवतात तसं तिकडून नवीन मागवता येईल ना?" असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. हाच प्रश्न जवळपास सगळे विचारतात.

कॅलिफोर्नियात असा दाखला काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, दाखल्यांचं कार्यालय देत नाही. जन्म, मृत्यू आणि लग्न यांचे दाखले काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरकडे मिळतात, पण घटस्फोट हा कोर्टाचा निकाल असतो आणि तो कोर्टाच्या फायलीतच राहतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे घटस्फोटाची एक नोंद मिळते खरी, पण ती फक्त १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची. तिच्यात पक्षकारांची नावं, अर्जाची तारीख, काउंटी आणि दाव्याचा क्रमांक एवढंच असतं. निकाल नसतो. इंटरनेटवर पैसे घेऊन 'डिव्होर्स सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणारे पुष्कळ आहेत. २०११ च्या घटस्फोटासाठी त्यांच्यावर एक डॉलरही खर्च करू नका, असं मी ताईंना सांगितलं.

मग प्रश्न उरला कोणत्या कोर्टाचा. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट स्वतंत्र आहे. एका काउंटीच्या कोर्टाला दुसरीकडच्या फाइलचा पत्ता नसतो. राज्यभरातली सगळी नावं एकत्र शोधता येतील अशी सोय लोकांसाठी नाही. ताईंना खात्री होती की फाइल अलमेडा काउंटीत असणार, कारण फ्रीमाँट अलमेडात येतं आणि संसार तिथेच झाला. त्यांच्या मिलपिटासला राहणाऱ्या मावसभावाने अलमेडाच्या कोर्टात नाव शोधलं. काहीच निघालं नाही. ताई घाबरल्या, "म्हणजे घटस्फोट झालाच नव्हता की काय?"

असं काही नव्हतं. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा अर्ज करायला नवरा-बायकोंपैकी कोणीतरी एक जण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला असावा लागतो. संसार कुठे केला याला महत्त्व नाही. अर्ज नवऱ्याने केला होता आणि तो तेव्हा सनीव्हेलला होता. सनीव्हेल सँटा क्लारा काउंटीत येतं. म्हणून अर्जाच्या वेळी अर्जदार कुठे राहत होता, हा प्रश्न मी आता सगळ्यांना आधी विचारते. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, लोक एका काउंटीत राहतात, दुसरीत नोकरी करतात आणि तिसरीत घर घेतात. तिथे या एका प्रश्नाने खूप वेळ वाचतो.

सँटा क्लारा काउंटीची कौटुंबिक प्रकरणं सॅन होजेत, नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली जस्टिस सेंटर कोर्टहाउसमध्ये चालतात. ही इमारत २०१६ मध्ये सुरू झाली. त्याआधी हे कामकाज वेगवेगळ्या जागी विखुरलेलं होतं, त्यामुळे जुन्या कागदावर दुसराच पत्ता दिसला तरी गोंधळून जायचं कारण नाही. फाइल त्याच कोर्टाची असते.

नावाने शोध घेतानाही थोडं अडलंच. आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात बसलेलं असतं, आणि अमेरिकेतले कागद पासपोर्टवरून बनतात. ताईंच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिलं जायचं. मावसभावाने आधी माहेरच्या नावाने शोधलं, मग सासरच्या. शेवटी नवऱ्याच्या नावाने शोधल्यावर दावा सापडला, कारण अर्जदार तो होता आणि त्याच्या नावात काही फरक पडला नव्हता. दाव्याच्या क्रमांकात वर्षाचे दोन आकडे आणि 'एफएल' ही अक्षरं होती. फॅमिली लॉची ती खूण पाहिली की फाइल बरोबर प्रकारची आहे हे कळतं.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट खटकेल. मावसभाऊ दाव्यात कोणीच नव्हता, मग त्याला हे दिसलं कसं? आपल्याकडे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार कोणत्याही एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. हिंदू विवाह कायद्यातही कामकाज छापण्यावर बंधन आहे. कॅलिफोर्नियात उलट आहे. घटस्फोटाची फाइल मुळात सार्वजनिक असते. पैशाअडक्याचा तपशील असलेली पानं पक्षकाराच्या नुसत्या मागणीवर सीलबंद करायची असा एक कायदा तिथे केला गेला होता, पण बर्कल यांच्या घटस्फोट प्रकरणात २००६ साली तिथल्या अपील कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. मात्र सगळंच उघडं नसतं. दत्तक प्रकरणं, मुलांच्या संरक्षणाची बालन्यायालयातली प्रकरणं, ताब्याबाबत तज्ज्ञांनी दिलेले मूल्यमापन अहवाल, मध्यस्थीत झालेलं बोलणं, कोर्टात दिलेली आयकर विवरणपत्रं या गोष्टी बाहेरच्या माणसाला मिळत नाहीत. शिवाय सोशल सिक्युरिटी आणि बँक खात्याचे क्रमांक कागदात पूर्ण लिहू नयेत, फक्त शेवटचे चार आकडे ठेवावेत, असा कोर्टाचा नियम आहे.

सार्वजनिक आहे म्हणजे घरबसल्या दिसतं असंही नाही. दाव्यांची सूची, कारवाईची नोंदवही आणि तारखांचा बोर्ड इंटरनेटवर पाहता येतो. कौटुंबिक दाव्यातले प्रत्यक्ष कागद मात्र राज्याच्या न्यायालयीन नियमांनुसार त्रयस्थ माणसाला कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावरच दाखवले जातात. पक्षकार आणि त्यांचे वकील यांना दूरून कागद बघायची मुभा देणारे नियम २०१९ पासून लागू आहेत. मला ही रचना शहाणपणाची वाटते. कोर्टाने काय केलं हे लोकांना तपासता येतं, आणि कोणाच्या मोडलेल्या संसाराची पानं रात्री बसून चाळायचा उद्योगही कोणाला सहज करता येत नाही.

मावसभाऊ कोर्टात गेला, संगणकावर निकाल पाहिला आणि पैसे वाचावेत म्हणून पहिल्या दोन पानांची साधी छापील प्रत घेऊन तिचा स्कॅन पाठवला. त्यावर कोर्टाचा दाखल झाल्याचा शिक्का होता. ताईंना वाटलं, काम झालं. विवाह अधिकाऱ्यांनी ती प्रत परत केली, आणि त्यांच्या दोन्ही शंका रास्त होत्या.

पहिली शंका सोपी होती. दाखल झाल्याचा शिक्का असलेली प्रत आणि प्रमाणित प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून कागद कधी दाखल झाला एवढंच कळतं. दुसरीवर क्लार्कची सही आणि कोर्टाची मोहोर असते, आणि ही मूळ कागदाची खरी नक्कल आहे असं कोर्ट स्वतः सांगतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ नुसार परदेशी निकाल अधिकार असलेल्या कोर्टानेच दिला आहे असं गृहीत आपल्या कोर्टाला धरता येतं, ते प्रमाणित प्रत समोर आली तरच.

दुसरी शंका खोल होती. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा निकाल एफएल-१८० या छापील नमुन्यावर येतो. प्रकरणाचा निर्णय कसा झाला हे सांगणाऱ्या चौकटी त्यावर असतात. ताईंच्या निकालावर 'डिफॉल्ट ऑर अनकंटेस्टेड' या चौकटीत खूण होती. पुण्यात ते वाचणाऱ्याला त्यातला 'डिफॉल्ट' तेवढा दिसला. बायको हजरच नव्हती आणि नवऱ्याने एकतर्फी हुकूम मिळवला, असा त्याचा अर्थ लावला गेला. असा हुकूम भारतात टिकत नाही हे अधिकाऱ्यांना माहीत होतं.

तो का टिकत नाही, हे समजायला एक जुना खटला पाहावा लागतो, आणि गंमत म्हणजे तोही एका अमेरिकन काउंटीच्याच कागदाचा आहे. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. सर्वोच्च न्यायालयाचा ९ जुलै १९९१ चा हा निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला. लग्न १९७५ साली तिरुपतीला झालं होतं. नवऱ्याने मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टातून १९८० मध्ये घटस्फोट मिळवला आणि १९८१ मध्ये दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्याप्रतिबंधाखाली फिर्याद केली. मॅजिस्ट्रेटने मिसूरीच्या कागदावर विसंबून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण समोर होती ती हुकमाची फोटोकॉपी. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसती फोटोकॉपी आहे हे नाकारायचं कारण होत नाही, पण परदेशी न्यायालयाच्या कागदाला आपल्या पुरावा कायद्याला हवं ते प्रमाणन त्यावर नव्हतं. शिवाय तो हुकूम मुळातच मान्य करता येत नव्हता. नवऱ्याने मिसूरीत नव्वद दिवस राहिल्याचं दाखवून दावा लावला होता, घटस्फोटाचं कारण हिंदू विवाह कायद्यात नसलेलं होतं, आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नव्हता.

त्या निकालाने दिलेला नियम आजही परदेशी घटस्फोटाला लावला जातो. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यानुसार अधिकार असलेल्या कोर्टाने आणि त्या कायद्यातल्या कारणावर घटस्फोट दिलेला असावा. याला ठरावीक अपवाद आहेत. त्यातला ताईंच्या उपयोगाचा अपवाद असा, की समोरच्या पक्षाने घटस्फोटाला संमती दिली असेल तर हुकूम मान्य होऊ शकतो. हा अपवाद फार महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात १९७० पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो, आणि जवळपास प्रत्येक निकालावर 'न मिटणारे मतभेद' हेच कारण असतं. हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. म्हणजे कॅलिफोर्नियाचा हुकूम घेऊन येणाऱ्या माणसाचं सगळं भवितव्य, दोघांची संमती कागदावर दिसते की नाही, यावर येऊन ठेपतं. ती संमती निकालाच्या पहिल्या दोन पानांवर नसते.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही कागद नावानिशी मागितले. 'घटस्फोटाचे कागद द्या' अशी मोघम मागणी केली की खिडकीवरचा कर्मचारी विचारतो, कोणते? मागवायचं काय हे आधी ठरवायला कारवाईची नोंदवही उपयोगी पडते, कारण तीत दाखल झालेला प्रत्येक कागद तारखेसह असतो. ताईंच्या दाव्यात नवऱ्याचा अर्ज होता, समन्स बजावल्याचा पुरावा होता, 'डिफॉल्ट' नोंदवण्याची विनंती होती, मग निकाल आणि शेवटी निकालाची नोंद झाल्याची सूचना, म्हणजे एफएल-१९०. ताईंचं उत्तर, एफएल-१२०, नव्हतं. दोघांचं सगळं ठरलेलं असल्याने त्यांनी उत्तर दाखल केलंच नव्हतं. उत्तराची फी वाचवायला असं पुष्कळ जण करतात. तिथल्या पद्धतीत याला 'करारासह डिफॉल्ट' म्हणता येईल. प्रतिपक्ष उत्तर देत नाही, पण दोघं समझोत्याच्या करारावर सह्या करतात आणि तो करार निकालाला जोडला जातो. उत्तर न देणाऱ्याची करारावरची सही मात्र नोटरीसमोर व्हावी लागते.

ही नोटरीसमोरची सही म्हणजे ताईंच्या संमतीचा पुरावा. ती निकालाच्या जोडपत्रात होती, आणि जोडपत्र मावसभावाने घेतलंच नव्हतं. त्याला तरी कसं कळावं? दोन पानांवर न्यायाधीशांची सही आहे, लग्न संपल्याची तारीख आहे, मग बाकीची पानं कशाला, असं कोणालाही वाटेल.

ताईंना जुन्या ईमेलमध्ये एक स्कॅन सापडला आणि त्या आनंदाने घेऊन आल्या. तो एफएल-१९० निघाला. हा कागद कोर्ट दोन्ही पक्षांना पोस्टाने पाठवतं, त्यामुळे बहुतेकांच्या घरी नेमका तोच सापडतो, आणि तोच हुकूम आहे असं लोक समजतात. ती फक्त सूचना आहे. पण त्यावर दाव्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि नकलेच्या अर्जाला क्रमांक मिळाला की निम्मं काम होतं. क्रमांक नसेल आणि कर्मचाऱ्याला शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर १५ डॉलर शोधशुल्क पडतं.

बाकीचे दर राज्याच्या कायद्यानेच ठरलेले आहेत. पानामागे ५० सेंट. घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणनाला १५ डॉलर आणि इतर कागदाच्या प्रमाणनाला ४० डॉलर. जोडपत्रासह ताईंचा निकाल २६ पानांचा झाला, म्हणजे १३ अधिक १५, एकूण २८ डॉलर. समन्स बजावल्याच्या पुराव्याचीही प्रमाणित प्रत घ्यावी असा मी आग्रह धरला. ताईंना समन्स प्रत्यक्ष हातात मिळालं होतं, हे त्यातूनच दिसतं. त्या ४० डॉलरवरून घरात थोडी कुरकुर झाली, पण तो कागद घेतला ते बरं झालं.

हे सगळं टपालानेही मागवता येतं. अर्जात दाव्याचा क्रमांक, दोघांची नावं, कागदाचं नाव आणि दाखल झाल्याची तारीख लिहायची, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं आणि डॉलरचा चेक द्यायचा. नेमकी पानं माहीत नसतील तर 'अमुक रकमेपेक्षा जास्त नाही' असं लिहिलेला कोरा चेक तिथे चालतो. पुण्यात बसलेल्या माणसाकडे अमेरिकन बँकेचा चेक नसतो, म्हणून तिथलं कोणीतरी लागतंच. मात्र निकाल सार्वजनिक असल्याने त्या माणसाला मुखत्यारपत्र लागत नाही. ताईंनी मावसभावासाठी मुखत्यारपत्र करायला स्टॅम्प पेपर आणून ठेवला होता. तो तसाच राहिला.

प्रमाणित प्रत हाती आल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून हेग कराराखाली त्याला जोडलं जाणारं प्रमाणपत्र. भारत या कराराखाली जुलै २००५ पासून आहे, त्यामुळे तिथल्या ॲपोस्टिलनंतर वकिलातीत वेगळा शिक्का मारून घ्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाच्या कागदाला ॲपोस्टिल राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात. टपालाने ते सॅक्रॅमेंटोहून होतं आणि दर ॲपोस्टिलला २० डॉलर पडतात. तिथे तपासली जाते ती कोर्टाच्या क्लार्कची सही, निकालातला मजकूर नव्हे. म्हणून त्या सहीची अस्सल शाई किंवा मोहोर असलेली प्रतच पाठवावी लागते, तिचा रंगीत झेरॉक्स चालत नाही. ॲपोस्टिलचं पान कागदाला जोडून येतं. स्कॅन करायला म्हणून ती जोडणी उघडली तर सगळाच संच संशयास्पद ठरतो. हे मी लाल शाईत लिहून दिलं होतं, कारण असं झालेलं मी पाहिलं आहे.

संच पुण्यात आला तेव्हा ताईंची एक काळजी होती, आणि ती मला पूर्ण पटत होती. जोडपत्रात घराची किंमत, निवृत्तीच्या खात्याची वाटणी, मुलीचा ताबा आणि भेटीचं वेळापत्रक असं सगळं होतं. "हे सगळं त्या टेबलावर ठेवायचं?" पण प्रमाणित कागदातली पानं काढून टाकता येत नाहीत. आम्ही पूर्ण संच पाहण्यासाठी दिला आणि कार्यालयाच्या फाइलसाठी फक्त निकालाची पानं, ताईंच्या नोटरी केलेल्या सहीचं पान आणि ॲपोस्टिल यांच्या प्रती ठेवाव्यात अशी लेखी विनंती केली. ती मान्य झाली. प्रत्येक ठिकाणी होईलच असं नाही, पण विनंती करावी.

तारखेचा एक मुद्दा अजून निघाला. समन्स ऑगस्ट २०१० मध्ये बजावलं, निकाल जानेवारी २०११ मध्ये झाला, पण निकालात लग्न संपल्याची तारीख फेब्रुवारी २०११ ची होती. अधिकाऱ्यांना ती चूक वाटली. कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून किंवा प्रतिपक्ष हजर झाल्यापासून सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय लग्न संपत नाही, निकाल आधी झाला तरी. समन्स बजावल्याच्या पुराव्यावरची तारीख दाखवून सहा महिने मोजून दिले आणि शंका मिटली. दुसऱ्या लग्नासाठी मोजायची ती हीच पुढची तारीख. एफएल-१८० वर तिची वेगळी ओळ असते, आणि नकलेत ती आधी पाहून घ्यावी.

काही जणांना एवढंही पुरत नाही. प्रतिपक्षाची संमती कागदावर कुठेच नसेल, किंवा एका पक्षाला समन्सच मिळालं नसेल, तर पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थितीबाबत घोषणा मागावी लागते, आणि कधीकधी इथे नव्याने घटस्फोट घ्यावा लागतो. ताईंवर ती वेळ आली नाही. नोटीस लागली, तीस दिवसांत हरकत आली नाही, लग्न झालं.

आम्ही प्रमाणित संच दोन मागवले होते. दुसरा आता मुलीच्या पासपोर्टच्या अर्जासाठी वापरायचा आहे. त्या वेळी ताब्याच्या आदेशाची वेगळी नक्कल मागवावी लागणार नाही, कारण तो आदेशही त्याच २६ पानांत आहे.